लोखंडी नांगर आणि लोणंदचा कांदा

पोरी, तुला "नको" म्हणणारे किती आहेत ते मोजू नकोस, कोण आहेत ते बघ. कांदा वाळवायचं युनिट टाकणार असं तू म्हणालीस आणि आपल्या घरापासून लोणंदच्या बाजार समितीपर्यंत सगळ्यांना त्यातलं कळायला लागलं. थोरला काका म्हणतो, शिरवळच्या कंपनीतली लॅबची नोकरी सोडणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. आत्या लग्नाचं विचारते. अडत्या हसतो. बँकेतले साहेब कागद मागतात आणि तो दिला की दुसरा मागतात. चौघं "नको" म्हणतात, पण चौघांचं "नको" एक नाही. त्यांना एका ओळीत बसवलंस तर पहिली चूक तिथंच होईल.

काकाचं घे. त्याला वेड्यात काढू नकोस. आमच्या लहानपणी खंडाळा तालुका म्हणजे बाजरी, मटकी आणि मुंबईची मनीऑर्डर. नीरेकाठचा पट्टा सोडला तर रानाला पाणी नाही. घरटी एक माणूस मशीद बंदरला नाहीतर भायखळ्याला पाठीवर ओझी वाहायला गेलेला. मग शिरवळला, खंडाळ्याला, केसुर्डीला एमआयडीसी आली आणि पहिल्यांदा घरच्या माणसाला घरी जेवून पगार मिळायला लागला. काकाच्या पिढीनं महिन्याच्या सात तारखेची किंमत अंगावर मोजली आहे. त्याच्या पोराला ठेकेदाराच्या हजेरीवर ठेवतात, कायम करत नाहीत, हे त्याला दिसतं, तरी तो पगाराचंच नाव घेतो. भ्यालेला माणूस आहे, वैरी नाही. त्याच्याशी वाद घालून तुला काही मिळणार नाही आणि त्यालाही नाही.

अडत्याचं हसू वेगळं. तुझा कांदा वाळला तर त्याच्या काट्यावर तेवढा कमी येणार, म्हणून थोडं पोट दुखत असेल. पण चाळीस वर्षं कांदा हाताळलेला माणूस आहे तो. तो हसता हसता म्हणाला ना, "आपल्या लाल कांद्यात पाणीच लई, वाळवून काय उरणार?" ते वाक्य वहीत लिहून ठेव. पुढं मला त्यावर बोलायचं आहे. बँकेच्या साहेबांचंही तसंच. ज्याचे पैसे अडकणार आहेत त्याची शंका म्हणजे फुकटचा सल्ला. प्रत्येक प्रश्नाला कागदावर उत्तर दे. आणि एसटी स्टँडवरच्या टपरीतले जे आहेत, ज्यांचा यात एक रुपया नाही आणि ज्यांच्या घरात तुझं पाकीट कधी जाणार नाही, त्यांना चहा पाज आणि पुढं चल.

माझं आयुष्य शेतीच्या अवजारांच्या दुकानात गेलं, म्हणून मला नांगराचंच सुचतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट तुला शाळेत कोणीतरी सांगितली असेल. मराठी माणसाचा उद्योग, राजाची मदत, माळरानावर कारखाना, संपलं. ती गोष्ट अशी गुळगुळीत सांगितली की तिचा काही उपयोग होत नाही. तिच्यात जे खडे आहेत ते तुझ्या कामाचे.

लक्ष्मणराव १८६९ साली बेळगाव जिल्ह्यात गुर्लहोसूरला जन्मले. मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये चित्रकार व्हायला गेले आणि तिथं उमगलं की काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठी अडचण कोणती? त्यांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकले आणि व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवायला लागले. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. तिथं थोरले भाऊ रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलचं दुकान. मग कडबा कापायचं यंत्र. मग १९०३च्या सुमाराला लोखंडी नांगर.

आणि नांगर कोणी घेईना. लोक म्हणायचे, लोखंडानं जमीन विषारी होते. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं, पोरी. आज एखादा व्हिडिओ टाकून संध्याकाळी किती जणांनी बघितला ते तू मोजतेस.

आता इथं सगळे म्हणतात, शेतकरी अडाणी होता, अंधश्रद्धा होती. मला हे कधी पटलं नाही. मी गल्ल्यावर बसून शेतकऱ्याच्या शंका ऐकल्या आहेत. नवीन यंत्र समोर ठेवलं की तो कधी सरळ विचारत नाही. "याचा रंग असाच का?" म्हणतो, आणि त्याला विचारायचं असतं, "मोडलं तर कुठं जाऊ?" तेव्हाचा लाकडी नांगर गावचा सुतार करायचा. मोडला की सुतारच नीट करायचा, आणि त्याचं बलुतं वर्षाकाठी खळ्यावर धान्यात जायचं. रोख पैसा लागायचा नाही. लोखंडी नांगर घेतला म्हणजे पैसे रोख, आणि फाळ झिजला तर सुताराला त्यातलं काही येत नाही. भर पेरणीच्या तोंडावर नांगर पडून राहिला तर वर्ष गेलं. एवढी मोठी काळजी तो माणूस एका शब्दात बोलला, विष. माझा हा अंदाज आहे, पुस्तकात असा लिहिलेला नाही. पण दुकानदाराचा अंदाज आहे.

लोखंडी नांगराचं खरं बळ कशात होतं, तर तो माती उलटायचा. लाकडी नांगर नुसता उकरतो. काळ्या रानातली हरळी आणि कुंदा त्याला दाद देत नाही. हे सांगून पटणारं नव्हतंच. बांधाच्या एका बाजूला उलटलेली ढेकळं आणि दुसऱ्या बाजूला जुनी नांगरट, एवढं डोळ्यांनी बघितलं की बोलायला काही उरत नाही. पुढं १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं, ज्याचं नंतर 'किर्लोस्कर' मासिक झालं. मराठी वाचकाला ते वाङ्मयाचं मासिक म्हणून आठवतं. मला ते गिऱ्हाइकाशी बोलत राहायची एका कारखानदाराची रीत म्हणून आवडतं.

तुझ्याकडंही विषाची शंका येणारच. आलीच आहे. "वाळवलेला कांदा म्हणजे केमिकल." त्यावर फेसबुकवर भांडू नकोस. असं लिहिणाऱ्या बाईला खरं विचारायचं आहे ते असं, की सडका, शिल्लक, फेकायचा कांदा तर यात घातला नाही ना? म्हणून पाकीट पारदर्शक ठेव. कांदा कोणत्या महिन्याचा ते छाप. बचत गटाच्या बायकांना सोलणं-चिरणं चालू असताना आत येऊन बघू दे. अन्न सुरक्षेचा परवाना काढशीलच, तो भिंतीवर लाव. पण परवान्यानं माणूस तेवढा निवत नाही जेवढा उघड्या दारानं निवतो.

थोडं मागं जातो. नांगर खपत नव्हता तेव्हा त्या घराचं पोट कशावर चाललं? सायकली होत्या, कडब्याची यंत्रं होती. पुढं औंधला बांधकामाचं काम घेतलं. हे सगळं काही त्यांचं स्वप्न नव्हतं. पण ज्याच्या घरी चूल पेटते त्यालाच दोन वर्षं वाट बघता येते.

आणि याचं दुसरं उदाहरण आपल्या तालुक्याच्या जावयाचं आहे. नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची लेक सावित्रीबाई जोतीराव फुल्यांना १८४० साली दिली. दर ३ जानेवारीला नायगावात गाड्यांची रीघ लागते, भाषणं होतात, शाळेची गोष्ट सांगितली जाते, आणि ती सांगायलाच हवी. जोतीरावांच्या धंद्याचं मात्र व्यासपीठावर कोणी बोलत नाही. ओतकामाला लागणाऱ्या साहित्याची विक्री त्यांनी केली, सरकारी बांधकामांची कंत्राटं घेतली, पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ते होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध आला, आणि कंत्राटदार असल्यामुळं सरकारी कामात मजूर कसा नाडला जातो ते त्यांना आतून कळलं. समाजाच्या तोंडावर उभं राहून बोलायला लागणारी बेपर्वाई अर्धी तरी स्वतःच्या कमाईतून येते, असं माझं मत आहे. उसनं खाणाऱ्याला आवाज चढवता येत नाही.

म्हणून नोकरी आज सोडू नकोस. काकाला वाटेल तू त्याचं ऐकलंस. वाटू दे, त्याला दोन दिवस बरं झोपू दे. उन्हाळी कांदा मार्चपासून निघतो, तो हंगाम सुट्ट्या आणि रविवार धरून छोट्या ड्रायरवर काढ. कंपनीच्या लॅबमध्ये ओलावा मोजायला शिकलीस ते इथं कामी येईल. पण कंपनीचं यंत्र आपल्या कामाला वापरू नकोस, साधं का होईना स्वतःचं घे.

आता तुझ्या कल्पनेचं. तुला नेमकं काय करायचं आहे ते मला एका वाक्यात सांग म्हटलं, तर तू म्हणालीस, "कांद्याच्या चकत्या वाळवून विकायच्या." हा माल झाला. माल बदलतो. किर्लोस्करांचं बघ, सायकल गेली, नांगर आला, उसाचे चरक आले, पंप आले, १९४६ साली पुण्यात तेलाच्या इंजिनांची आणि बंगळुरात विजेच्या यंत्रांची वेगळी कंपनी झाली. शेतकऱ्याच्या हाताला आणि रानाला यंत्राचं बळ द्यायचं, ही रेघ मात्र लांबवर सरळ गेलेली दिसते. तुझी रेघ कोणती? रात्री जेवताना तू सहज बोलून गेलीस तीच. भाव पडला म्हणून आपल्या बापाला ट्रॉलीभर कांदा काट्यावर टाकून भाड्याचे पैसे खिशातून द्यावे लागले, तसं पुन्हा कोणाला लागू नये. हे वाक्य भिंतीवर लिही. चकत्या, पावडर, तळलेला कांदा, ते काय ते बाजार ठरवेल. लोक तुझ्या मालाला नावं ठेवतील तेव्हा ऐकून घे आणि माल बदल. या वाक्याला नावं ठेवतील तेव्हा ऐकू नकोस.

अडत्याचं वाक्य काढ आता. आपल्या कांद्यात पाणी लई. खरं बोलला तो. कांद्यात शंभरात पंच्याऐंशीच्या वर पाणीच. साल, शेंडा, बूड काढून, चिरून वाळवलं तर शंभर किलोतून दहा किलोच्या आसपास माल हातात येतो, लाल कांद्याचा कधी त्याहून कमी. गुजरातेत भावनगर जिल्ह्यात महुवा आहे, तिथं वाळवणीचे मोठमोठे कारखाने, आणि ते पांढरा कांदा वापरतात, कारण त्यात घट्टपणा जास्त आणि वाळल्यावर रंग पांढरा राहतो. परदेशाला टनावारी तोच माल जातो. त्यांच्याशी भावात झुंजायला गेलीस तर तू उताणी पडशील. लाल कांदा वाळला की तांबूस-तपकिरी दिसतो, निर्यातवाला तोंड वाकडं करतो.

पण तपकिरी कांदा कोणाला चालतो? तुझ्या आईला विचार. सातारा, सांगली, कोल्हापूर, या तिन्ही जिल्ह्यांत उन्हाळ्यात घराघरांत कांदा-लसूण मसाला होतो. त्यात कांदा चिरून, उन्हात वाळवून, तेलात तळून घालतात. रंग काळपट-लालच लागतो. पूर्वी गच्चीवर धोतराच्या कापडावर कांदा पसरायचे. आता शिरवळच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या सुनेकडं ना गच्ची ना वेळ. ती डंकावर तयार मसाला करून घेते. आणि डंकवाल्याला, मसाला करणाऱ्या गटांना मे महिन्यात वाळलेला कांदा पुरत नाही. अडत्यानं जे उणं म्हणून सांगितलं ते इथं उणं राहतच नाही. म्हणून म्हणालो, हसणाऱ्याचं वाक्य लिहून ठेव.

आणि आईलाही पटवायचं तर हाच रस्ता. वाद घालू नकोस. मसाल्याला कांदा किती कडक लागतो, कितपत तळला की कडू होत नाही, हे तिला विचार आणि ती सांगेल ते तुझ्या वहीत तिच्यासमोर लिही. तिनं आयुष्यभर केलेलं काम कोणी असं विचारलेलं नाही.

काही बारीक गोष्टी, ज्या तुला ट्रेनिंगमध्ये सांगितल्या असतील पण पुन्हा ऐक. चकती एकसारखी चिर, तीन-चार मिलिमीटर. जाड-बारीक झाली की बारीक करपते आणि जाड आत ओली राहते. ड्रायरची उष्णता पंचावन्न-साठ अंशांवर धर, घाई करून वाढवलीस तर वरून कडक होतं आणि आतलं पाणी आत अडकतं. ट्रे स्टीलचेच, जस्ताचा मुलामा दिलेले स्वस्त पडतात ते नकोत. निव्वळ उन्हाच्या भरवशावर राहू नकोस. खंबाटकीच्या अलीकडं जूनमध्ये ढग आले की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा विजेची नाहीतर लाकडाच्या भुशाची जोड हवी. आणि पावसाळ्यात वाळलेला माल उघडा राहिला की हवेतलं पाणी ओढून चामट होतो. पाकीट बंद करायचं यंत्र ड्रायरच्या आधी घे, असं मी म्हणेन.

कांदा संपला की ड्रायर झाकून ठेवू नकोस. साताऱ्याकडचं आलं आहे, सांगलीची हळद आहे, शेवग्याचा पाला आहे. यंत्र जेवढे महिने चालेल तेवढा हप्ता हलका.

भावाचं गणित तोंडपाठ कर. कांदा पंधरा रुपये किलो असताना तुझ्या एका किलो वाळल्या मालात दीडशे रुपयांचा कांदा जातो. तो चाळीसला गेला की चारशेचा. २०१९च्या शेवटी किरकोळ बाजारात कांदा शंभराच्या वर गेला होता, आठवतं? उलट ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसलं आणि त्या डिसेंबरात निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ पर्यंत. दिल्लीत एक कागद निघतो आणि लोणंदच्या काट्यावर भाव पडतो. म्हणून वर्षभराची ठरीव भावाची ऑर्डर कोणी कितीही गोड बोलून दिली तरी घेऊ नकोस. तीन महिन्यांची घे, नाहीतर भाव कांद्याच्या दराला बांध. मोठ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं शंकेखोराला उत्तर देण्याहून अवघड असतं. लोक तुला "होणार नाही" म्हणतील त्यानं धंदा बुडत नाही. "दहा टन पाठवा" म्हणणाऱ्यानं बुडतो.

उधारी. उद्यम नोंदणी पहिल्या आठवड्यात कर. लघुउद्योगाचा माल घेणाऱ्यानं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असा २००६चा कायदा आहे. कायदा हातात असून लहान माणूस तो वापरत नाही, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. मीही कोर्टात जा म्हणत नाही. बिलावर ती ओळ छाप, एवढंच. बहुतेकांना तेवढं पुरतं.

अनुदानाचं मात्र डोक्यात जाऊ देऊ नकोस. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना २०२० साली निघाली, प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. अजून चालू आहे का ते तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचार, असेल तर जरूर अर्ज कर. पण ते पैसे कर्जाला जोडलेले असतात, हातात रोख पडत नाहीत. अनुदान मिळतं म्हणून गरजेपेक्षा मोठं यंत्र घेतलेले आणि ते प्लास्टिकच्या कागदात तसंच ठेवलेले लोक मी बघितले आहेत. आधी अनुदान शून्य धरून हिशोब मांड. तो बसला तर पुढं जा.

आता जागेचं. बेळगावची जागा किर्लोस्करांना सोडावी लागली तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. १९०९ साली ते गादीवर आले होते. त्यांच्या संस्थानात जागा घ्यायची तर लक्ष्मणरावांनी कोणती घेतली? कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकर माळ. निवडुंग आणि नाग. २५ कामगारांची बिऱ्हाडं घेऊन १० मार्च १९१० रोजी तिथं मुक्काम पडला. बघणाऱ्यांनी काय म्हटलं असेल ते तूच धर. पण ती जागा रेल्वेच्या कडेला होती. कोळसा, बीड आत आणायचं आणि नांगर बाहेर पाठवायचे, तर ज्या माणसाला रूळ दिसतो त्याला निवडुंग दिसत नाही. तोडला की संपला. त्याच लोहमार्गावर, थोडं पुढं भिलवडीला, १९३९ साली भास्कर गणेश चितळे येऊन बसले. माणूस मूळचा आपल्या जिल्ह्यातल्या लिंब गोव्याचा, आणि दुधाचा धंदा जमवायला नदी, चारा नि रेल्वे एका ठिकाणी असलेली जागा शोधत गेला. कराडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंचा काच कारखाना, ज्यांचा प्रभाकर कंदील माझ्या आजीच्या घरात होता, तोही औंधच्याच हद्दीत आणि रेल्वेला धरून. या तिघांच्या गोष्टीत धैर्याचं कौतुक सगळे करतात. मी रेल्वेचं करतो.

तुला रेल्वे नको, हमरस्ता हवा. काकानं देऊ केलेली डोंगराकडची जागा मोठी आहे, फुकट आहे, हवा छान आहे; तिथं पावसात टेम्पो चढत नाही. ती घेऊ नकोस. फुकट जागेनं पुष्कळ धंदे मारले आहेत.

एक गोष्ट कोणी तुला सांगणार नाही, कारण ती ऐकायला वाईट वाटते. सुरू करायच्या आधी थांबायची रेघ आख. किती पैसे गेले की थांबायचं, कोणत्या तारखेपर्यंत दर महिन्याला किती किलोची परत-ऑर्डर यायला हवी. पहिली ऑर्डर ओळखीवर येते, तिला धरू नकोस. त्याच गिऱ्हाइकानं दुसऱ्यांदा मागितलं तर ते खरं. हा कागद तुझ्या हातानं लिही, सही कर, माझ्याकडं ठेव. तो असला की एखादा वाईट महिना आला तरी आत्याच्या बोलण्यानं तू डळमळणार नाहीस, कारण रेघ अजून लांब आहे हे तुला माहीत असेल. आणि रेघ आलीच, तर लोक हसतील म्हणून ती पुढं सरकवणारही नाहीस. मी बुडालेली माणसं पुष्कळ बघितली, त्यांतली बरीचशी शंका घेणाऱ्यांना खोटं पाडायच्या नादात बुडाली. दाखवून द्यायचं म्हणून धंदा करायचा नसतो. ज्याला दाखवायचं त्याला चार दिवसांनी आठवतसुद्धा नाही.

घरात आणि गावात काय बोलायचं तेही ठरवून ठेव. "कसं चाललंय?" याला "चाललंय" एवढंच उत्तर. नफा सांगू नकोस, तोटा सांगू नकोस, बेत तर मुळीच सांगू नकोस. आकडे तिघांना सांग: मला, बँकेला आणि सोलायला येणाऱ्या बायकांमधली जी मुकादम होईल तिला. तिला का म्हणशील तर वाया किती जातं हे तिच्याच हातात आहे. शनिवारी तिची आणि बाकीच्यांची मजुरी चुकवायची, तुझ्याकडं पैसे आलेले असोत नसोत. गावात एका शनिवारी मजुरी राहिली की सोमवारी ती बातमी तुझ्या आधी बँकेत पोचते.

राहिलं माझं. लोणंद रस्त्यावरची दुकानामागची जुनी शेड मी तुला देतो, टेम्पो दारापर्यंत येतो, थ्री-फेज आहे. पण भाडं घेणार. औंधच्या राजानंही लक्ष्मणरावांना दहा हजार दिले ते कर्जाऊ दिले, बक्षीस नाही. पहिले सहा महिने निम्मं भाडं, पुढं बाजारभावानं, अकरा महिन्यांचा करार, नोंदवून. काकाला आणि तुझ्या बापाला साक्षीदार घेऊ, म्हणजे दोघांनाही नाइलाजानं कागद वाचावा लागेल. उत्तरेकडचा पत्रा दोन ठिकाणी गळतो. तो मेअखेर तू बदलून घे, पावती जपून ठेव, भाड्यातून वळती करू. विजेचं बिल तुझ्या नावावर करून घ्यायला लोणंदच्या ऑफिसात मी बरोबर येतो, सकाळी अकराच्या आत गेलेलं बरं.